बाटली सईची, नजरही सईवर

वाचकाचं पत्र:

नमस्कार बाई,

मी पुण्यात वाकडला एका पाळणाघरात चार वर्षांपासून काम करते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आमच्याकडे पंचवीसएक मुलं आहेत आणि निम्म्याहून जास्त पालक बाहेरच्या राज्यांतले, आमच्याशी इंग्रजीतच बोलणारे. संध्याकाळी सहा ते सात सगळे एकदम येतात. डबे, बाटल्या, स्वेटर, बूट ज्याचं त्याला द्यायचं काम माझं, आणि नेमकं तिथेच माझं घोडं अडतं. मागच्या आठवड्यात एका मुलीचा डबा तिच्या बाबांच्या हातात देताना मी ‘हिज टिफिन’ म्हणाले. त्यांनी लेकीसमोरच ‘हर, नॉट हिज’ असं सुधारलं. त्याच दिवशी एका आईला ‘हू इज दिस बॅग’ असं विचारलं, तिला काही कळलंच नाही. तेव्हापासून मी बोलतच नाही, वस्तू नुसती वर धरते. त्यात आता माझं अक्षर चांगलं आहे म्हणून भिंतीवरच्या इंग्रजी सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तो वरचा स्वल्पविराम कुठे द्यायचा ते मला शाळेतही कळलं नव्हतं. आणि एक निळी छत्री दोन महिने पडून आहे, तिच्यावर चिठ्ठी काय लावू तेही सांगा.

पाळणाघरातली ताई, वाकड

प्रिय ताई,

‘मी बोलतच नाही, वस्तू नुसती वर धरते’ हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. चार वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी, कोणाला कोणता डबा आणि कोणाला कशाची ॲलर्जी हे सगळं डोक्यात ठेवणारी बाई एका शब्दापायी गप्प होते, हे मला सहन होत नाही. म्हणून व्याकरण नंतर, आधी एक सांगते. ते बाबा शब्द सुधारत होते. पण तो शब्द तुमच्याकडून का चुकला, ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तुम्ही मराठी अगदी बिनचूक बोलता, म्हणून तो चुकला.

कसा, ते बघा. ‘तिचा डबा’ या दोन शब्दांत मराठी दोन गोष्टी सांगते. ‘ति’ सांगतं की मालक मुलगी आहे. ‘चा’ सांगतं की वस्तू पुल्लिंगी आहे. ‘त्याची बाटली’ म्हणताना उलटं होतं: मालक मुलगा, वस्तू स्त्रीलिंगी. लहानपणापासून आपला कान शब्दाच्या शेवटाकडे असतो, कारण तिथे चुकलं की लगेच खटकतं. ‘तिची डबा’ असं कोणी म्हटलं तर तीन वर्षांचं पोरही हसेल. मग घाईच्या वेळी, समोर पाच पालक उभे असताना, ‘तिचा’मधला ‘चा’ तुमच्या कानात पुरुषासारखा वाजतो आणि तोंडून ‘हिज’ निघतं. तसंच ‘त्याची’मधल्या ‘ची’मुळे ‘हर’ निघतं. वर्गात शिकवताना हीच चूक मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता मला ती चूक न वाटता माणसाच्या मातृभाषेची खूण वाटते.

इंग्रजीला वस्तू पुरुष की बाई, याच्याशी काही देणंघेणं नाही. तिथे बाटलीला लिंगच नाही. तिला फक्त मालक कळतो. आपल्याकडे एका मुलासाठी त्याचा डबा, त्याची बाटली, त्याचं दप्तर, त्याचे बूट, त्याच्या चपला, त्याची पुस्तकं, आणि पुढे काही जोडायचं झालं की त्याच्या डब्यात, त्याच्या दप्तरावर. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द, ‘हिज’. मुलगी असेल तर सगळ्याला एकच, ‘हर’. शिकायला सोपी भाषा कोणती, हे या एका ओळीत दिसतं. मराठी शिकणारा परदेशी माणूस या चा-ची-चे-च्यापुढे हात टेकतो आणि तुम्ही ते झोपेतही चुकत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: वस्तू हातात घेतली की वस्तूकडे बघू नका, पोराकडे बघा. खरंच डोळे फिरवा. त्या बाबांच्या लेकीला आपण सई म्हणू. डबा हातात आहे, डोळे सईवर आहेत, मुलगी दिसते आहे, ‘हर टिफिन’. बूट हातात, डोळे ओमवर, मुलगा दिसतो आहे, ‘हिज शूज’. दुपारी मुलं झोपलेली असताना खणांसमोर उभं राहून हा सराव करा. प्रत्येक खणावरचं नाव वाचायचं, त्या पोराचा चेहरा मनात आणायचा आणि खणातल्या चार-पाच वस्तू एका दमात म्हणायच्या: हर बॉटल, हर स्वेटर, हर शूज, हर क्रेयॉन्स. मग पुढचा खण. वस्तू बदलली तरी शब्द बदलत नाही, हे कानाला चांगलं मुरू द्या. आठवडाभर दहा-दहा मिनिटं केलंत तर संध्याकाळी सहाच्या गर्दीत विचार करायची वेळ येणार नाही.

आदरार्थी बोलण्याचाही एक घोळ याला चिकटून येतो. आपण ‘सईच्या आजोबांची काठी, त्यांची पिशवी’ म्हणतो. एकच आजोबा, पण ‘त्यांची’. तो आदर इंग्रजीत तसाच नेला की ‘देअर बॅग’ होतं आणि ऐकणारा दुसरे आजोबा कुठे आहेत म्हणून शोधायला लागतो. एक माणूस असेल तर आजोबा असोत की राष्ट्रपती, ‘हिज बॅग’. तुमच्या व्यवस्थापक मॅडमची गाडी ‘हर कार’. त्यात अनादर अजिबात नाही. इंग्रजीत आदर ‘सर’, ‘मॅडम’, ‘प्लीज’मध्ये आणि आवाजात असतो.

पण एका ठिकाणी ‘देअर’ अगदी बरोबर बसतं आणि ते ठिकाण तुमच्या रोजच्या कामातलं आहे. बाटली राहिली आहे, कोणाची ते माहीत नाही, मुलगा की मुलगी तेही माहीत नाही. आपण म्हणतो, ‘कोणीतरी आपली बाटली विसरलंय.’ बघा, ‘विसरलाय’ही नाही, ‘विसरलीय’ही नाही, ‘विसरलंय’. मराठीने नपुंसकलिंग वापरून प्रश्न टाळला. इंग्रजी तोच प्रश्न ‘देअर’ने टाळते: ‘समवन हॅज लेफ्ट देअर बॉटल.’ एकासाठी ‘देअर’ कसं, असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. इंग्रजीत हा वापर चौदाव्या शतकापासून आहे.

आता ‘हू इज दिस बॅग’. इथे काय झालं असावं, याचा माझा अंदाज सांगते. ‘कोणाचं’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘हूज’. आणि ‘कोण आहे’ हे ‘हू इज’ पटकन बोललं की त्याचाही उच्चार ‘हूज’च होतो. दोन्हींत कानाला तसूभरही फरक नाही. तुम्ही पालकांच्या तोंडून ‘हूज बॅग इज दिस’ ऐकलंत, ‘हूज’ म्हणजे ‘हू इज’ असणार असं धरलंत आणि नीट बोलावं म्हणून ते सोडवून म्हटलंत. झालं, बॅगेचं माणूस झालं! बोलताना ‘हूज’ हा अखंड शब्द आहे, तो मोडायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आपल्या कोणाचा, कोणाची, कोणाचं, कोणाचे या सगळ्यांना मिळून एकच ‘हूज’. इथेही वस्तूच्या लिंगाची कटकट नाही. फक्त वस्तू एक आहे की अनेक, एवढं पुढच्या शब्दांत दाखवायचं. एक बाटली: ‘हूज बॉटल इज दिस?’ बुटांचा जोड: ‘हूज शूज आर दीज?’ बूट दोन, म्हणून ‘आर दीज’. मोजे, चपला, चष्मा, पँट यांचंही तसंच. चष्मा आणि पँट आपल्याकडे एकवचनी आहेत, तिथे जरा जपा. इंग्रजीत त्या जोडवस्तूच आहेत, ‘हूज ग्लासेस आर दीज?’

मात्र मुलांच्या घोळक्यात ‘हूज’ ठीक आहे, पालकांना विचारताना मी तुमच्या जागी असते तर वेगळा रस्ता धरला असता. तुम्हाला बहुतेक वेळा अंदाज असतोच की वस्तू कोणाची. मग अंदाजच विचारा: ‘इज दिस सईज?’ समोरच्याला नुसती मान हलवायची असते. मराठीतही आपण ‘ही छत्री कोणाची?’ असं ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन ‘ही तुमची का हो?’ विचारतो, ते जास्त मायेचं वाटतं. तेच इथे: ‘इज दिस युअर्स?’ अंदाज चुकला तरी बिघडत नाही, समोरची आई म्हणेल, ‘नो, इट्स ओम्ज’.

या उत्तरात एक मजा आहे. ‘ओम्ज’नंतर ‘बॉटल’ म्हटलेलं नाही, आपणही ‘ओमची’ म्हणून थांबतो. असं थांबायचं असेल तेव्हा इंग्रजीतले काही शब्द रूप बदलतात. वस्तू पुढे असेल तर ‘माय’, ‘युअर’, ‘हर’, ‘अवर’, ‘देअर’. वस्तूचं नाव गाळलं तर ‘माइन’, ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’. ‘हिज’ मात्र दोन्हीकडे ‘हिज’. हे तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, तुमच्याकडची दोन-अडीच वर्षांची पोरं रोज शिकवत असतील. खेळणं ओढताना मराठी पोर ‘माझं!’ म्हणून ओरडतं, मग ती बाहुली असो की चेंडू, आणि शेजारचं इंग्रजी बोलणारं पोर ‘माइन!’ म्हणून. ‘माय!’ म्हणून कोणी ओरडत नाही. तो आवाज आठवला की कुठे ‘माइन’ ते आपोआप कळतं.

आणखी एक शब्द पालक वापरतात, ‘बिलाँग’. ‘डझ दिस बिलाँग टू सई?’ म्हणजे ही सईची का? इथे दोन खड्डे आहेत. ‘दिस इज बिलाँग्स टू सई’ असं चुकीचं वाक्य आपल्याकडे शिकलेल्या माणसांच्याही तोंडी असतं. ‘आहे’चा ‘इज’ सवयीने घुसतो. ‘बिलाँग्स’मध्ये मालकी आधीच आली, ‘इज’ नको: ‘दिस बिलाँग्स टू सई.’ दुसरा खड्डा, ‘टू सईज’ म्हणायचं नाही, कारण ‘चा-ची’चं काम ‘बिलाँग्स टू’नेच केलेलं आहे. जड वाटत असेल तर हा शब्द सोडून द्या. ऐकला की कळला पाहिजे, बोललाच पाहिजे असं नाही.

‘दिस माय बॅग’ असं तुम्ही म्हणता का ते पत्रावरून कळलं नाही, पण बरेच जण म्हणतात, म्हणून लिहिते. ‘ही माझी बॅग’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, ‘आहे’ नसलं तरी चालतं. इंग्रजीत ‘इज’ गाळला तर वाक्य लंगडं होतं. ‘दिस इज माय बॅग.’ तसंच ‘माझा एक मित्र’ म्हणजे ‘माय वन फ्रेंड’ नाही, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’.

आता थोडं हळू वाचा, कारण पुढचा भाग तुमच्या कामात सगळ्यात जास्त लागणार आहे. आपण मराठीत ‘असणं’ तीन तऱ्हांनी सांगतो. ‘माझ्याकडे किल्ली आहे.’ ‘मला दोन मुलं आहेत.’ ‘माझं गावी घर आहे.’ किल्ली आज आहे, उद्या दुसऱ्याकडे जाईल, म्हणून ‘कडे’. मुलं माझीच, ती कुठे जाणार नाहीत, म्हणून ‘मला’. घर मालकीचं, म्हणून ‘माझं’. फार बारीक विचार आहे हा, आणि तो आपण न शिकता करतो. इंग्रजीत तिन्हींना एकच, ‘आय हॅव’. आय हॅव द की, आय हॅव टू चिल्ड्रन, आय हॅव अ हाउस. ‘माझ्याकडे’चं भाषांतर ‘निअर मी’ असं करायचं नाही. ‘द की इज निअर मी’ म्हटलं तर किल्ली जवळपास कुठेतरी पडली आहे असा अर्थ होतो. आजारपणही ‘हॅव’मध्येच बसतं. सईच्या अंगात ताप आहे: ‘सई हॅज अ फीव्हर.’ तिच्या हातावर पुरळ आहे: ‘शी हॅज अ रॅश ऑन हर हँड.’ अशा फोनला उशीर नको, म्हणून ही दोन वाक्यं आजच पाठ करून ठेवा. सकाळी तिच्याकडे स्वेटर होता: ‘शी हॅड अ स्वेटर इन द मॉर्निंग.’ आणि एखाद्या आईने ‘सईची बाटली कुठे’ असं विचारलं आणि ती तुमच्या हातात असेल, तर ‘आय हॅव इट.’ पण ‘इट इज माइन’ असं चुकूनही नको. पहिल्यात ती तुमच्याजवळ आहे, दुसऱ्यात ती तुमची झाली.

नावांना जो ‘स’ लागतो त्याच्या उच्चाराकडे शाळेत कोणी लक्ष देत नाही, तो तीन प्रकारे वाजतो. अमित, दीपक, प्रताप अशा नावांनंतर स्वच्छ ‘स’: अमित्स बॅग, दीपक्स शूज. सई, ओम, सोनाली, राहुल यांच्यानंतर ‘जहाज’मधल्या ‘ज’सारखा: सईज, ओम्ज, राहुल्ज. आणि नावच स, श, च, ज अशा शिट्टीसारख्या आवाजात संपत असेल, तर मध्ये एक ‘इ’ येतो: तेजसिज बॉटल, गिरीशिज टिफिन, सूरजिज कॅप. ‘तेजस्स’ असं म्हणायचा प्रयत्न केलात तर जीभच अडते, इंग्रजांचीही अडली म्हणून त्यांनी ‘इ’ घातला. तुमच्या हजेरीच्या वहीतली पंचवीस नावं घ्या आणि प्रत्येकापुढे स, ज किंवा इज असं पेन्सिलीने लिहा. हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे आणि मला खात्री आहे की तुम्हाला तो आवडेल.

यात आपल्या बाजूने एक मोठी सोय आहे. माणसांच्या बाबतीत हा ‘स’ अगदी आपल्या षष्ठीसारखा, त्याच क्रमाने लागतो. ‘सईच्या आईचा फोन’, ‘सईज मदर्ज फोन’. शब्द त्याच जागी आहेत, फक्त ‘चा’च्या जागी ‘ज’ बसला. ‘सईच्या आईच्या बहिणीचा मुलगा’ म्हणायचं झालं तरी तीच आगगाडी, ‘सईज मदर्ज सिस्टर्ज सन’. जुळ्यांची आई असेल तर आपण ‘ओम आणि सईची आई’ म्हणतो, ‘ची’ एकदाच, शेवटी. इंग्रजीतही एकदाच, ‘ओम अँड सईज मदर’. शाळेत ‘ऑफ’ शिकवला म्हणून बरेच जण ‘द मदर ऑफ सई’ म्हणतात. कळतं, पण कोर्टात साक्ष दिल्यासारखं वाटतं. माणूस मालक असेल तर मराठीच्या क्रमाने जा. निर्जीव वस्तूच्या भागाबद्दल बोलताना ‘ऑफ’ ठेवा आणि क्रम उलटा करा: बाटलीचं झाकण, ‘द लिड ऑफ द बॉटल’. किंवा ‘द बॉटल लिड’, तेही चालतं. ‘ज्या बॅगेची चेन तुटलीय ती’ हे सांगायला मात्र ‘हूज’ची कसरत करू नका, ‘द बॅग विद द ब्रोकन झिप’ म्हणा. आपण ज्याला चेन म्हणतो तिला इंग्रजीत झिप म्हणतात. ‘चेन’ म्हणाल तर समोरची आई गळ्यातली साखळी शोधेल.

आणि हे मला फार आवडतं: आपण ‘मावशीकडे गेले होते’ म्हणतो, घर हा शब्द उच्चारतच नाही. इंग्रजीही तेच करते. ‘शी इज ॲट हर आन्ट्स.’ मावशीचं काय, ते सांगायची गरज नाही. डॉक्टरांकडे, ‘ॲट द डॉक्टर्ज’. मुंबईची मुलं ‘झेवियर्सला शिकतो’ म्हणतात, त्यातला शेवटचा ‘स’ हाच. सेंट झेवियरचं, म्हणजे त्यांच्या नावाचं कॉलेज. किंग्ज सर्कल, क्वीन्स नेकलेस, सगळीकडे तोच आहे. म्हणजे हा प्रत्यय तुमच्या तोंडात केव्हाच बसलेला आहे.

राहता राहिला तो वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी. बोलताना तो ऐकू येत नाही, म्हणून बोलण्यासाठी त्याची काळजी सोडा. लिहिण्यासाठी तुमच्या भिंतीवरचे तीन फलक पुरतील, कारण पाळणाघरात हे तिन्ही दिवस साजरे होत असणार.

मदर्स डे. इथे आई एकच. ‘मदर’ शब्द पूर्ण लिहायचा, मग चिन्ह, मग एस. हा दिवस अमेरिकेत सुरू करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांचा आग्रहच होता की चिन्ह एसच्या आधी यावं, कारण प्रत्येक घराने आपापल्या एका आईचा मान करावा, जगातल्या समस्त आयांचा सरसकट नव्हे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी 1914 मध्ये या दिवसाची घोषणा केली.

टीचर्स डे, 5 सप्टेंबर, डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. इथे शिक्षक अनेक. ‘टीचर्स’ हे अनेकवचन एससकट आधी लिहून घ्यायचं आणि चिन्ह त्याच्या नंतर, अगदी शेवटी. दुसरा एस घालायचा नाही.

चिल्ड्रन्स डे, 14 नोव्हेंबर. मुलं अनेक, पण ‘चिल्ड्रन’ या अनेकवचनात एस नाहीच. मग पुन्हा पहिल्यासारखं: चिल्ड्रन, चिन्ह, एस. महिला दिनाचं ‘विमेन्स डे’ही असंच.

एकच युक्ती: आधी मालकाचं नाव, एक असो वा अनेक, पूर्ण लिहून टाका. मग चिन्ह. मग नाव आधीच अनेकवचनाच्या एसने संपत नसेल तरच एस. समजा, पालकसभेची सूचना लिहायची आहे. पालक अनेक, ‘पेरेंट्स’ लिहा, एस झाला, त्याच्या पुढे चिन्ह, मग ‘मीटिंग’. चिन्ह एसच्या आधी पडलं तर एकाच पालकाची सभा होईल.

ज्यांना चिन्ह कधीच लागत नाही ते शब्द वेगळे ठेवा: हर्स, युअर्स, अवर्स, देअर्स, आणि सगळ्यात फसवा ‘इट्स’. ‘त्याचं’ या अर्थाचा ‘इट्स’ सलग लिहायचा, आय-टी-एस. चिन्ह असलेला ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’. ‘हूज’चंही तसंच. ‘कोणाचं’ असेल तर डब्ल्यू-एच-ओ-एस-ई, चिन्ह नाही. चिन्ह असलेला ‘हूज’ म्हणजे ‘कोण आहे’. शंका आली की तो शब्द सोडवून ‘इट इज’ किंवा ‘हू इज’ असा वाचून बघा. अर्थ लागला तर चिन्ह, नाही लागला तर नाही. तुमचं ‘हू इज दिस बॅग’ बोलताना चुकलं, पण लिहिताना तेच वाक्य तुमची कसोटी म्हणून उपयोगी पडेल.

या चिन्हाची भीती बाळगू नका असं म्हणण्याला कारण आहे. ते इंग्रजीत जन्मापासून नव्हतं. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नावांना ‘ई-एस’ असा प्रत्यय जोडून लागायचा, पुढे त्यातला स्वर गळला. चिन्ह सोळाव्या शतकात फ्रेंच छापखान्यांच्या वळणाने आलं आणि मालकीसाठी त्याचे नियम ठरायला पुढची दोनेकशे वर्षं गेली. मधल्या काळात खुद्द इंग्रजांना वाटायचं की हा ‘स’ म्हणजे ‘हिज’चं आखूड रूप, आणि ते ‘द किंग हिज क्राउन’ असं लिहायचेही. आजसुद्धा लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्टेशनं एकामागोमाग येतात. पहिल्याच्या पाटीवर चिन्ह आहे, दुसऱ्याच्या नाही.

आता त्या बाबांचं. उद्या ते आले की डबा गप्प बसून वर धरू नका. सईकडे बघा, मग त्यांच्याकडे, आणि म्हणा, ‘दिस इज हर टिफिन. हर स्वेटर इज इन द बॅग.’ दोन वाक्यं, सावकाश. पुन्हा कोणी सुधारलं तर ‘थँक यू’ म्हणून बरोबर शब्द एकदा उच्चारायचा आणि पुढच्या पोराची बाटली उचलायची. तुमच्यामागे उभी असलेली सईही ते ऐकत असते. मोठं माणूस चुकलं तरी बोलत राहतं, हे तिने तुमच्याकडून बघितलं तर मला फार बरं वाटेल.

छत्रीची चिठ्ठी अशी लिहा, मोठ्या अक्षरात, ‘हूज’मध्ये चिन्ह न घालता: ‘हूज अम्ब्रेला इज दिस? इफ इट इज युअर्स, प्लीज टेल अस.’ खाली मराठीतही लिहा, ‘ही छत्री कोणाची? तुमची असेल तर सांगा.’ आणि दांड्याला दोऱ्याने बांधा, चिकटपट्टीने लावली तर पावसाळी हवेत निघून येईल.

तुमची,
बाई